विषुववृत्तावरील केनिया, चेन्नईचा पाऊस आणि आपल्या शेतातील कीड

ऑक्टोबरच्या मध्यावर महाराष्ट्रातील पावसाळा जवळजवळ आटोपलेला असतो. सोयाबीनच्या मळण्या सुरू असतात, रब्बी ज्वारी उगवून आलेली असते आणि शेतकरी हरभऱ्यासाठी वापशाची वाट पाहत असतो. नेमक्या याच दिवसांत चेन्नईत खऱ्या अर्थाने पावसाळा सुरू होतो. चेन्नईपासून नैर्ऋत्येला, महासागर ओलांडून सुमारे पाच हजार कि.मी. अंतरावर असलेल्या केनियातही त्याच वेळी ‘छोटा पावसाळा’ उभा राहतो. एक शहर भारताच्या पूर्व किनाऱ्यावर, दुसरा देश आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. परंतु दोहोंचा पाऊस एकाच महासागराच्या तापमानाशी बांधलेला आहे.

हा भूगोल महाराष्ट्रातील शेतकऱ्याला कशासाठी हवा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या अनुभवात आहे. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत उतरलेले वाळवंटी टोळ, २०१८ पासून मक्यावर ठाण मांडून बसलेली अमेरिकन लष्करी अळी आणि तमिळनाडूतील टॅपिओकावर आलेला पिठ्या ढेकूण या तिन्ही प्रश्नांची मुळे दूरच्या उष्ण कटिबंधीय प्रदेशांच्या हवामानात आहेत. कीड राजकीय सीमा ओळखत नाही. ती तापमान, ओल, वारा आणि यजमान पीक एवढेच ओळखते. म्हणून विषुववृत्तावरील एका देशाचे हवामान समजून घेणे हा आपल्या कीड व्यवस्थापनाचाही भाग ठरतो.

एक देश, अनेक हवामाने

केनियाचे क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८० हजार चौ.कि.मी. आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडे कमी. विषुववृत्त या देशाच्या जवळजवळ मधून जाते. शालेय पुस्तकांमुळे ‘विषुववृत्तीय हवामान’ म्हटले की बाराही महिने पाऊस आणि घनदाट अरण्य असे चित्र डोळ्यांसमोर येते. केनिया या चित्रात बसत नाही. या देशाचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग शुष्क किंवा अर्धशुष्क आहे.

पूर्वेला हिंद महासागराच्या काठी मोंबासाचा उष्ण, दमट किनारा आहे. नारळ, काजू आणि आंबा ही तेथील पिके कोकणची आठवण करून देतात. किनारा सोडून आत गेले की काटेरी झुडपांचा कोरडा पट्टा लागतो. त्यानंतर जमीन चढत जाते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर राजधानी नैरोबी येते. तिच्या उत्तरेस ५,१९९ मीटर उंचीचा माउंट केनिया विषुववृत्ताला लागून उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर हिमनद्यांचे अवशेष आहेत. देशाच्या मधून उत्तर-दक्षिण जाणारी खचदरी उंच प्रदेशाला दुभंगते. दरीच्या पश्चिमेस केरिचोचे चहाचे मळे आणि त्यापुढे व्हिक्टोरिया सरोवराचे खोरे आहे. या सरोवराचीच पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १,१३५ मीटर उंच आहे. उत्तरेला तुर्काना सरोवराभोवती मात्र जवळजवळ वाळवंटच आहे.

विषुववृत्तावर ऋतूनुसार तापमान फारसे बदलत नाही. सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्यांच्या सरासरीत थोड्याच अंशांचा फरक असतो. तापमान बदलते ते उंचीनुसार. सर्वसाधारणपणे दर १,००० मीटर चढाला सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसची घट होते. म्हणून मोंबासाची वार्षिक सरासरी सुमारे २६ ते २७ अंश असताना नैरोबीची सरासरी १९ अंशांच्या आसपास राहते. महाराष्ट्रात थंडी पंचांगात शोधावी लागते. केनियात ती डोंगरावर शोधावी लागते. हा फरक किडीच्या दृष्टीने निर्णायक आहे, आणि त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

विषुववृत्त असूनही पाऊस कमी का?

सूर्य वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी, विषुववृत्तावर डोक्यावर येतो. सूर्यामागोमाग काही आठवड्यांच्या अंतराने ढगांचा पट्टा उत्तर-दक्षिण सरकतो. हा पट्टा जुलैमध्ये भारतावर, तर जानेवारीत आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे असतो. जाता-येता तो केनियावरून दोनदा जातो. त्यामुळे तेथे मार्च ते मे हा ‘मोठा पावसाळा’ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा ‘छोटा पावसाळा’ असे दोन हंगाम मिळतात. व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात सरोवराच्याच बाष्पामुळे वर्षभर कमी-अधिक पाऊस पडतो.

तरीही एकूण पाऊस अपेक्षेपेक्षा कमी पडतो. याची कारणे भूरचनेत आणि समुद्रात आहेत. पश्चिमेकडील काँगोच्या खोऱ्यातील दमट हवा उंच पठारांमुळे पूर्वेकडे सहज पोहोचत नाही. मोसमी वारे या किनाऱ्यावर थेट आदळत नाहीत, तर बऱ्याच अंशी किनाऱ्याला समांतर वाहतात. त्यामुळे हवा वर उचलली जात नाही. उन्हाळी मोसमात सोमालियाच्या किनाऱ्यालगत खोल समुद्रातील थंड पाणी वर येते आणि बाष्पीभवन मंदावते. सातारा जिल्ह्यात एका टोकाला महाबळेश्वर आणि दुसऱ्या टोकाला माण तालुका पाहणाऱ्या वाचकाला हे नवे वाटू नये. पाऊस केवळ अक्षांशावर ठरत नाही. डोंगर कोठे आहे आणि वारा कोणत्या कोनातून येतो यावर तो ठरतो.

याच उंच पठारांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. दक्षिण गोलार्धातून येणारे व्यापारी वारे पूर्व आफ्रिकेच्या डोंगरभिंतीला अडून उत्तरेकडे वळतात आणि केनियाच्या पूर्व भागावरून विषुववृत्त ओलांडतात. जमिनीपासून सुमारे एक ते दीड कि.मी. उंचीवरचा हा वेगवान प्रवाह पुढे अरबी समुद्रावरून उजवीकडे वळून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात त्याचा सविस्तर अभ्यास केला, म्हणून तो ‘फिंडलेटर झोत’ या नावाने ओळखला जातो. सह्याद्रीवर कोसळणाऱ्या नैर्ऋत्य मोसमी पावसाचे बाष्प वाहून आणण्यात या झोताचा मोठा वाटा आहे.

चेन्नईचा उलटा पावसाळा

चेन्नई सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीलगत वसलेले आहे. तेथील हवेच्या नोंदींची परंपरा भारतातील सर्वांत जुन्या परंपरांपैकी एक आहे. मद्रासची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये उभारली. वर्षाला साधारण १,४०० मि.मी. पाऊस पडतो, परंतु त्यातील सुमारे ६० टक्के ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत मिळतो.

कारण पुन्हा डोंगर आणि वारा हेच आहे. जून ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्य वारे पश्चिम घाटावर बाष्प रिकामे करून पूर्वेकडे उतरतात, त्यामुळे चेन्नई पर्जन्यछायेत राहते. या काळात तेथे पडतो तो प्रामुख्याने सायंकाळचा वळवासारखा, गडगडाटी पाऊस. ऑक्टोबरमध्ये ढगांचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, वाऱ्याची दिशा उलटते आणि ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरचे बाष्प घेऊन तमिळनाडूच्या किनाऱ्यावर येतात. महाराष्ट्रात हेच वारे बहुतांशी जमिनीवरून येतात, म्हणून ते कोरडे असतात आणि थंडी घेऊन येतात. मात्र उपसागरातील एखादे कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकले, तर मराठवाडा आणि दक्षिण महाराष्ट्रातही ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस येतो. द्राक्ष बागायतदार ज्या ‘चेन्नईकडच्या वादळाची’ बातमी धास्तीने ऐकतात, त्यामागचे कारण हेच आहे.

हा पाऊस जितका उदार, तितकाच बेभरवशाचा आहे. डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दोन दिवसांत चेन्नई परिसरात महापूर आला. २०१८ च्या अखेरीस हाच पाऊस अपुरा पडला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे प्रमुख जलाशय कोरडे पडले. जुलै २०१९ मध्ये जोलारपेट येथून रेल्वेने पाणी आणावे लागले.

महासागराचा तराजू

केनियाचा छोटा पावसाळा आणि चेन्नईचा ईशान्य मोसमी पाऊस यांना जोडणारा दुवा म्हणजे ‘इंडियन ओशन डायपोल’, अर्थात हिंद महासागरीय द्विध्रुव. १९९९ मध्ये भारतीय आणि जपानी संशोधकांच्या गटाने त्याचे स्वरूप स्पष्ट केले. सामान्यतः विषुववृत्तीय हिंद महासागराचा पूर्व भाग, म्हणजे सुमात्रा-जावाच्या बाजूचे पाणी, अधिक उष्ण असते आणि ढगांचा मुक्काम तेथे असतो. काही वर्षी हा तराजू कलतो. पूर्वेकडचे पाणी थंड होते, पश्चिमेकडचे, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूचे, तापते. ढग पश्चिमेकडे सरकतात, इंडोनेशियात दुष्काळसदृश स्थिती आणि पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टी होते. हा धन द्विध्रुव. याच्या उलट स्थिती म्हणजे ऋण द्विध्रुव.

धन द्विध्रुवाच्या १९६१, १९९७ आणि २०१९ या वर्षांत केनियातील छोटा पावसाळा अतिशय जोरदार झाला. धन द्विध्रुवात तमिळनाडूच्या ईशान्य मोसमी पावसाचाही कल वाढीकडे असतो. २०२३ च्या अखेरीस धन द्विध्रुव आणि एल निनो एकत्र आले होते. त्या हंगामात केनियात पूर आले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘मिचौंग’ चक्रीवादळामुळे चेन्नई जलमय झाली. अर्थात एका विशिष्ट वादळाचे खापर द्विध्रुवावर फोडता येत नाही. द्विध्रुव शक्यता वाढवतो किंवा घटवतो. तारीख आणि ठिकाण ठरवत नाही. ऑक्टोबर २०२० ते डिसेंबर २०२२ या काळात ला निनाच्या प्रभावाखाली पूर्व आफ्रिकेत सलग पाच पावसाळे हुकले, हेही याच तराजूच्या दुसऱ्या पारड्याचे उदाहरण आहे.

या घडामोडींवर नजर ठेवण्यात चेन्नईचा वाटा आहे. तेथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली असून ती बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात नांगरलेल्या नोंदतरफ्यांचे जाळे सांभाळते. समुद्राचे तापमान, वारा आणि हवेचा दाब यांच्या नोंदी तेथून मिळतात. हवामान खात्याच्या हंगामी अंदाजात द्विध्रुवाच्या स्थितीचा उल्लेख असतो, त्यामागे अशा नोंदींचे बळ असते.

वाऱ्यावरचे प्रवासी

पावसाळ्याच्या अखेरीस शेतावर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर सर्वांनी पाहिलेले असतात. ‘पँटाला फ्लाव्हेसेन्स’ हे त्यांचे शास्त्रीय नाव. मालदीवमध्ये काम करणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आले की, दरवर्षी ऑक्टोबरपासून हे चतुर तेथे लाखोंच्या संख्येने अवतरतात. मालदीवमध्ये गोड्या पाण्याची उघडी डबकी जवळजवळ नाहीत, म्हणजे त्यांची पैदास तेथे होणे कठीण. वाऱ्यांच्या नोंदी जुळवून त्यांनी २००९ मध्ये मांडणी केली की, हे चतुर भारतातून निघून उंचावरील ईशान्य वाऱ्यांवर स्वार होतात आणि ढगांच्या सरकत्या पट्ट्यामागोमाग पूर्व आफ्रिकेत, छोट्या पावसाळ्याच्या वेळी पोहोचतात. पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर परततात. हा संपूर्ण फेरा चार पिढ्यांत मिळून १४ ते १८ हजार कि.मी. भरत असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

चतुर हा शेतकऱ्याचा मित्र. परंतु ज्या वाटेने मित्र जातो, तशाच वाटांनी शत्रूही येतो. वाळवंटी टोळांचा २०१९-२० मधील उद्रेक हे त्याचे ठळक उदाहरण. त्याची सुरुवात केनियात नव्हे, तर अरबस्तानच्या ‘रुब अल खाली’ या निर्जन वाळवंटात झाली. मे २०१८ मध्ये ‘मेकुनु’ आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘लुबान’ या अरबी समुद्रातील चक्रीवादळांनी तेथे पाऊस पाडला. ओल्या वाळूत अंडी घालायला जागा आणि पिल्लांना हिरवा चारा मिळाला. अनुकूल स्थितीत टोळांची संख्या तीन महिन्यांत सुमारे वीस पट, सहा महिन्यांत चारशे पट आणि नऊ महिन्यांत आठ हजार पट होऊ शकते. मनुष्यवस्ती नसलेल्या भागात तीन पिढ्या कोणाच्या लक्षात न येता वाढल्या.

तेथून टोळ येमेनमार्गे सोमालिया आणि इथिओपियात गेले. २०१९ च्या धन द्विध्रुवामुळे पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टी झाली होती. एरवी कोरडा असणारा प्रदेश हिरवा झाला होता. डिसेंबरमध्ये ‘पवन’ चक्रीवादळ सोमालियावर गेले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवसांत थवे केनियात शिरले. त्या देशासाठी हा सत्तर वर्षांतील सर्वांत मोठा प्रादुर्भाव होता. याच उद्रेकाची दुसरी शाखा इराण आणि पाकिस्तानच्या वसंत ऋतूतील प्रजननक्षेत्रांतून भारतात आली. मे २०२० मध्ये राजस्थानात वाळवंटात चारा नसल्याने थवे वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकत मध्य प्रदेशमार्गे विदर्भाच्या संत्रा पट्ट्यात पोहोचले. विदर्भात आलेले थवे थेट केनियातून आले, असा समज काही ठिकाणी पसरला होता. तो बरोबर नाही. मात्र दोन्हींची पार्श्वभूमी एकच होती: ओला झालेला वाळवंट आणि वेळेवर न झालेले नियंत्रण.

एक चौ.कि.मी. थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात आणि त्यांचे एका दिवसाचे खाणे ३५ हजार माणसांच्या अन्नाएवढे असते. म्हणून थवा शेतावर आल्यानंतरच्या धावपळीपेक्षा प्रजननक्षेत्रातील पावसाकडे लक्ष ठेवणे कितीतरी स्वस्त पडते. भारतात टोळधाड सूचना संघटना १९३९ पासून हेच काम करते.

उंची, तापमान आणि अळीचे दिवस

आता केनियाच्या डोंगरउतारावरील धडा. कीटकांच्या शरीराचे तापमान हवेबरोबर बदलते. प्रत्येक किडीच्या वाढीसाठी एक किमान तापमान असते. त्याखाली वाढ थांबते. दिवसाच्या सरासरी तापमानातून हे किमान तापमान वजा केले की त्या दिवसाचे ‘अंश-दिवस’ मिळतात. ठरावीक बेरीज पूर्ण झाली की एक पिढी पूर्ण होते.

अमेरिकन लष्करी अळीसाठी (स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा) किमान तापमान सुमारे १२.५ अंश आणि अंड्यापासून पतंगापर्यंतची बेरीज सुमारे ३९० अंश-दिवस आढळली आहे. त्यावरून काढलेला हिशेब असा:

• सरासरी २८.५ अंश (चेन्नईसारखा सखल किनारा): दररोज १६ अंश-दिवस, एक पिढी सुमारे २४ दिवसांत.
• सरासरी २६.५ अंश (मोंबासा किनारा): दररोज १४ अंश-दिवस, एक पिढी सुमारे २८ दिवसांत.
• सरासरी २१.५ अंश (थंडीतील रब्बी मका): दररोज ९ अंश-दिवस, एक पिढी सुमारे ४३ दिवसांत.
• सरासरी १९ अंश (नैरोबीची उंची): दररोज ६.५ अंश-दिवस, एक पिढी सुमारे ६० दिवसांत.

एकाच देशात, एकाच अक्षांशावर, किनाऱ्यावर वर्षाला तेरा पिढ्या आणि डोंगरावर सहा, असा हा फरक आहे. ही अळी सुप्तावस्थेत जात नाही. हिवाळा कडक असलेल्या प्रदेशात ती मरते आणि दरवर्षी बाहेरून नव्याने येते. परंतु दोन पावसाळ्यांमुळे ज्या भागात मका जवळजवळ वर्षभर उभा असतो, तेथे तिच्या साखळीत खंड पडत नाही. आफ्रिकेत ही कीड २०१६ च्या सुरुवातीस नोंदली गेली, २०१७ मध्ये केनियात पोहोचली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे आढळली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. सिंचनामुळे खरीप, रब्बी आणि उन्हाळी असा तिन्ही हंगामांत मका घेणाऱ्या आपल्या तालुक्यांनी तिच्यासाठी एका अर्थाने विषुववृत्तच तयार करून ठेवले आहे.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. ज्वारी-मक्यावरील ठिपक्यांचा खोडकिडा (कायलो पार्टेलस) मूळचा आशियातील. १९३० च्या दशकात आफ्रिकेत त्याची नोंद झाली आणि पुढे केनियाच्या उष्ण, सखल भागात तो प्रमुख कीड बनला. थंड, उंच भागात मात्र तेथील मूळचा बुसिओला फुस्का हा खोडकिडा टिकून राहिला. दोन किडींमधील सीमारेषा कोणत्याही नकाशावर आखलेली नव्हती. ती तापमानाने आखली होती. हवा तापत गेली तर अशी रेषा वर सरकणार, हे ओघानेच आले.

हवामानाची जुळणी आणि मित्रकीटक

परदेशी किडीसाठी मित्रकीटक शोधताना शास्त्रज्ञ प्रथम तिचा मूळ प्रदेश आणि नंतर दोन्हीकडच्या हवामानाची जुळणी पाहतात. केनियातील खोडकिड्यासाठी नैरोबी येथील ‘इसिपे’ या संस्थेने कोटेशिया फ्लाव्हिपेस ही परोपजीवी गांधीलमाशी पाकिस्तानातून नेली आणि १९९३ मध्ये किनारपट्टीत सोडली. ती तेथे स्थिरावली. ही संस्था थॉमस ओडियांबो या केनियन कीटकशास्त्रज्ञाने १९७० मध्ये स्थापन केली.

याच संस्थेने ब्रिटनमधील रोथॅमस्टेड आणि केनियातील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेसोबत १९९० च्या दशकात ‘ढकला-ओढा’ पद्धत विकसित केली. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे द्विदल चारा पीक लावले जाते; त्याचा गंध खोडकिड्याच्या पतंगाला दूर ढकलतो. शेताच्या कडेने नेपिअर गवत लावले जाते. ते पतंगांना ओढून घेते, परंतु त्यावर बहुतेक अळ्या जगत नाहीत. डेस्मोडियमच्या मुळांतील स्रावामुळे टारफुल्यालाही आळा बसतो. ज्वारीत टारफुल्याचा त्रास सोसलेल्या शेतकऱ्याला या लाभाचे मोल वेगळे सांगायला नको. जनावरांना चारा मिळतो तो वेगळाच. मात्र डेस्मोडियमला पुरेशी ओल लागते. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी दोन पावसाळ्यांत रुजलेली पद्धत आठ महिने कोरड्या राहणाऱ्या मराठवाड्यात जशीच्या तशी चालेल, असे गृहीत धरता येणार नाही. तत्त्व उचलावे, वाण आणि मांडणी स्थानिक चाचणीतून ठरवावी.

जुळणी साधली तर काय होते, याचे उदाहरण तमिळनाडूत आहे. सेलम भागातील टॅपिओकापासून तयार होणारा साबुदाणा महाराष्ट्रात उपवासाच्या ताटात येतो. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील टॅपिओका पिठ्या ढेकणाची भारतात २०२० मध्ये केरळमध्ये प्रथम नोंद झाली आणि तो तमिळनाडूत पसरला. याच ढेकणाने १९७० च्या दशकात आफ्रिकेत शिरकाव केला होता आणि तेथे अनागायरस लोपेझी या सूक्ष्म परोपजीवी कीटकाने त्याला आटोक्यात आणले होते. बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तो बेनिनमधून आणला, विलगीकरणात तपासला आणि मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूत सोडण्यास प्रारंभ झाला. उष्ण, दमट आफ्रिकेतील अनुभव तमिळनाडूच्या टॅपिओकाला उपयोगी पडला, कारण पीक, कीड आणि हवा या तिन्हींची जुळणी होती.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

• कीड येण्याची तारीख पाठ करू नये, तापमानाचा हिशेब करावा. महसूल मंडळातील महावेध केंद्राच्या कमाल-किमान तापमानावरून दररोजचे अंश-दिवस वहीत मांडता येतात. कामगंध सापळ्यात पहिले पतंग सापडल्याची तारीख हा या हिशेबाचा आरंभबिंदू धरावा.
• लष्करी अळीसाठी एकरी ५ कामगंध सापळे लावावेत आणि उगवणीपासून पोंगे तपासावेत. सरासरी तापमान २५ अंशांच्या वर असताना आठवड्यातून दोनदा पाहणी करावी. थंडीत आठवड्यातून एकदा पुरते.
• गावपातळीवर मक्याची पेरणी शक्य तितकी एकाच वेळी व्हावी आणि दोन मका हंगामांत खंड असावा. ही साखळी तोडणे हाच दीर्घकालीन उपाय आहे.
• हवामान खात्याच्या हंगामी अंदाजातील द्विध्रुव आणि एल निनो यांची नोंद घ्यावी. अरबी समुद्रातील चक्रीवादळ अरबस्तान किंवा आफ्रिकेकडे गेले म्हणजे आपला संबंध संपला, असे मानू नये. त्यानंतरच्या महिन्यांत टोळधाड सूचना संघटनेची पत्रके वाचावीत.
• टोळांचा थवा उतरल्यास सायंकाळी मुक्कामाची जागा हेरून लगेच कृषी विभागास कळवावे. टोळ रात्री विसावलेले असतात, म्हणून नियंत्रण रात्री उशिरा किंवा पहाटे परिणामकारक ठरते.
• ओलसर हवेत लष्करी अळीवर मेटारायझियम रिलेई बुरशीचा नैसर्गिक प्रादुर्भाव होतो. पोंग्यात पांढऱ्या-हिरवट, कडक झालेल्या अळ्या दिसल्यास फवारणीचा निर्णय पुन्हा तपासून घ्यावा.
• परगावाहून, परदेशातून आणलेली रोपे, कलमे किंवा बेणे विनातपासणी लावू नयेत. चेन्नईसारख्या बंदरांत वनस्पती विलगीकरण केंद्रे याच कारणासाठी असतात. मात्र प्रवाशाच्या पिशवीतील एक कलम त्यांच्या नजरेतून निसटू शकते.

केनियाच्या पठारावरून वळणारा वारा जूनमध्ये आपल्या शेतात पाऊस आणतो आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या शेतावरचे चतुर ईशान्य वाऱ्यावर आफ्रिकेकडे निघतात. या देवघेवीत काय येणार आणि कधी येणार, हे थांबवणे शेतकऱ्याच्या हाती नाही. येणाऱ्याला आपल्या शिवारात वर्षभर अन्न मिळेल की नाही, एवढे मात्र गावाच्या पीकरचनेवर अवलंबून आहे. त्याची सुरुवात येत्या हंगामात एका तापमानाच्या वहीपासून आणि पाच कामगंध सापळ्यांपासून होऊ शकते.